मिनिटाला अठरा वेळा

प्रयोगशाळेचा नवा संचालक खुर्चीत बसण्याआधी बायकोला घेऊन वजनकाट्याच्या खोलीत शिरला. महिन्यापूर्वी या दोघांनीच आजारी पडलेल्या जुन्या संचालकांच्या तोंडावर उशी दाबून धरली होती, तेव्हा कुठे ही जागा मोकळी झाली होती.

काचेच्या पेटीतला तो नाजूक काटा नुसत्या श्वासानेही हलायचा. म्हणून वजन करताना श्वास रोखायचा, असा नियम म्हाताऱ्याने घालून दिला होता.

आज पेटी बंद होती, ताटली रिकामी होती. तरी आकडा चढत होता, उतरत होता. त्याने घड्याळ लावून मोजलं. मिनिटाला अठरा वेळा.

"चल ना इथून," बायको म्हणाली. "बाहेर सगळे खोळंबलेत."

"खोळंबू देत. जिवंतपणी याने मला दहा वर्षं ताटकळत ठेवलं, आता मेल्यावरही खेळवणार?" तो पेटीवर वाकला. "घ्या सर, हवा तितका श्वास घ्या. खुर्ची माझीच आहे. बघू या, आधी कोण दमतं ते."

त्याने श्वास रोखला. आकडा हलतच राहिला, मग हळूहळू मंदावला आणि शून्यावर येऊन थांबला.

"थांबला रे! जिंकलास," बायको म्हणाली. "घे आता श्वास."

त्याने हसत तोंड उघडलं. हवा आत येईना. त्याने छातीचा सगळा जोर लावला, मुठी आवळल्या, पण पेटीसमोरून तो तसूभरही हटला नाही.

"पुरे की रे चेष्टा!"

पेटीतला आकडा पुन्हा चढू लागला.