टाकीवरची नोंद

गावात नेटवर्क नव्हतं, म्हणून आरोग्यसेविका द्वारकाताई रोज पाण्याच्या टाकीवर चढून टॅबमधल्या नोंदी पाठवायच्या. पारावरचे म्हातारे हसायचे; सगळ्यांत मोठ्यानं शेवंताचा बाप.

त्या सकाळी त्या वर असतानाच फोन आला. दूरच्या सरकारी दवाखान्यातली डॉक्टर बोलत होती, "ऊसतोडीला आलेली तुमच्या गावची शेवंता बाळंतपणात अडली होती. इथं आणली तेव्हा बेशुद्ध, गरोदरपणाचं तपासणी कार्ड खोपीतच राहिलेलं. नवऱ्याच्या मोबाइल नंबरावरून तुमची नोंद उघडली, दुर्मिळ रक्तगट कळला, रक्त वेळेत मिळालं. मायलेकी सुखरूप आहेत."

ताईंनी टाकीवरूनच पाराकडे हाक दिली, "आबा, नात झाली तुम्हाला. आणि शेवंता वाचली ती या टाकीवरच्या नोंदीनं."

शेवंताचा बाप उठला, टाकीखाली आला आणि ताई उतरेपर्यंत शिडी दोन्ही हातांनी धरून उभा राहिला.