बाथरूमला जाऊन येते

"मी जरा बाथरूमला जाऊन येते हं," आई म्हणाली. "पोटात दुखतंय. तू बस इथं."

ठमीने मान हलवली. घरात पाय आपटत चालायची म्हणून तिचं नाव ठमी पडलं होतं. आज मात्र शाळेच्या फाटकापासून बालवर्गापर्यंत तिच्या पावलांचा आवाजच आला नव्हता. साडेतीन वर्षांची पोर, गुडघ्याखाली आलेला नवा गणवेश घालून, लाल खुर्चीत अवघडून बसली होती. समोरच्या भिंतीवर लाकडी क्रूस होता. त्याच्याकडे बघत तिने विचारलं, "लवकर येशील?"

"ही आलेच."

वर्गाच्या दारावर एक कागद चिकटवला होता : 'मुलांचा निरोप घेऊन निघा. गुपचूप जाऊ नका.' आईने तो दोनदा वाचला होता. पण निरोप म्हटला की गळामिठी, गळामिठी म्हटली की रडारड, आणि आठच्या ठोक्याला लॉन्ड्रीत हजेरी. ती व्हरांड्याच्या टोकाच्या बाथरूममध्ये शिरली. तिथल्या मागच्या दाराची कडी काढली, मैदान ओलांडलं आणि फाटकाबाहेर पडल्यावर धावत सुटली.

लॉन्ड्रीत दवाखान्याच्या चादरींचा ढीग पडला होता. चादरीची दोन टोकं तिने धरली, समोरची दोन तिथल्या जुन्या मावशींनी.

"पोर रडली का गं?" मावशींनी विचारलं.

"नाही."

"गुणाची बाई! आमचा थोरला फाटकाला लोंबकळला होता. चौघांनी सोडवला. काय सांगितलंस तिला?"

आईने टोकं जुळवली. चादर तिरकी झाली. तिने ती पुन्हा झटकली.

"सांगितलं काहीतरी."

मावशींनी पुढे विचारलं नाही. तरी आईला वाटलं, त्यांना कळलंय. इस्त्रीवालीला कळलंय. सगळ्या लॉन्ड्रीला कळलंय. दहाच्या सुमारास तिच्या पोटात खरंच कळ आली.

साडेअकराला शाळा सुटायची. मुकादम बाईंकडून तासाची सुट्टी मागून ती निघाली आणि वीस मिनिटं आधीच पोचली. बालवर्ग रिकामा होता. खुर्च्या तेवढ्या मांडलेल्या. लाल खुर्ची नव्हती.

लाल खुर्ची व्हरांड्याच्या टोकाला, बाथरूमच्या दाराशी होती. तिच्यावर ठमी बसली होती, दाराकडे तोंड करून. आणि तिच्यामागे, फरशीवर मांडी घालून, अख्खा बालवर्ग.

बालवर्ग शिकवणाऱ्या म्हाताऱ्या सिस्टर उठून पुढे आल्या. आवाज खाली करून म्हणाल्या, "ती वर्गात येईना. म्हणून आम्हीच बाहेर आलो."

"सकाळपासून?"

"सकाळपासून. कुणाला बाथरूमही वापरू देईना. 'माझी आई आत आहे' म्हणते. मुलांना वरच्या मजल्यावर न्यावं लागतंय."

"दार उघडून दाखवायचं होतं ना, सिस्टर."

"दाखवलं असतं. पण आत कुणी नाही, हे तिने माझ्याकडून का ऐकावं?"

तेवढ्यात पुढचा दात तुटलेल्या एका पोराने तिला न्याहाळून विचारलं, "तुम्ही ठमीची आई? तुमचं पोट थांबलं?"

"आम्ही प्रार्थना केली," शेजारची मुलगी म्हणाली. "दोनदा केली. पहिल्यांदा तुम्ही बाहेरच आला नाहीत."

ठमीने वळून पाहिलं. मग बाथरूमच्या दाराकडे पाहिलं. मग परत आईकडे. तिला काही म्हणजे काही कळेना.

मागच्या दाराने आत जाऊन पुढच्या दाराने बाहेर यायला हवं होतं, असा विचार आईच्या मनात येऊन गेला. इतका वेळ निभलं, अजून एक मिनिट निभलं असतं. तो विचार आला याचीच तिला शरम वाटली. ती खाली बसली.

"ठमे, मी आत नव्हते."

"मग?"

"कामाला गेले होते. मागच्या दाराने. तू रडशील म्हणून तुला सांगितलं नाही."

"पोट?"

"पोट दुखत नव्हतं. खोटं बोलले मी."

ठमी रडली नाही. रडली असती तर आईला तिला जवळ तरी घेता आलं असतं. तिने मागे बसलेल्या मुलांकडे पाहिलं.

"मग आम्ही देवाला खोटंच सांगितलं?"

"तू नाही. मी."

"पण सांगितलं आम्हीच ना," ठमी म्हणाली. "सगळ्यांनी." तिने आईचा हात धरून तिला मुलांकडे वळवलं. "आता तू सांग त्याला. खरं काय ते."

आईने मान वर करून सिस्टरांकडे पाहिलं. "सिस्टर, आम्हाला तुमची प्रार्थना येत नाही हो. आमच्या घरी कधी..."

"यांनाही येत नाही," सिस्टर म्हणाल्या. "आज पहिलाच दिवस आहे."

मुलं सरकली. मधे जागा झाली. साबणाने पांढरे पडलेले हात आईने एकमेकांवर ठेवले, मग मुलांकडे बघून नीट जोडले.

"देवा," ती म्हणाली, आणि गप्प झाली. तिची नजर ठमीवरून हलेना.

मुलं डोळे मिटून थांबली होती. फाटकाशी बाकीचे आईबाप जमायला लागले होते.

ठमीने तिच्या दंडाला हात लावला.

"डोळे मिट ना, आई," ती हळूच म्हणाली. "मी कुठं जात नाही."