शोकाची सूट

पहिल्या सत्राचे विषय ठरवायला दोघी बहिणी कर्णिक मॅडमसमोर बसल्या होत्या. मानसशास्त्राच्या पदवीला आता प्रत्येक भावना प्रात्यक्षिकात स्वतः अनुभवावी लागे. जी आधीच भोगून झालेली असेल, ती कपाळावरच्या पट्टीतून यंत्र ओळखे आणि तिच्यातून सूट देई.

धाकट्या शर्वरीच्या कपाळावरची पट्टी काढत मॅडम म्हणाल्या, "तुला शोक माफ."

मग वसुधाची पट्टी निघाली. "तुला मत्सर माफ आहे. शोक मात्र घ्यावा लागेल."

"असं कसं?" वसुधाचा आवाज चढला. "अप्पा काय हिच्या एकटीचे वडील होते?"

अप्पा गेले तेव्हा ही बया उशीत तोंड खुपसून आठवडाभर रडत होती. दवाखाना, स्मशान, आल्यागेल्याचा चहा, आईच्या गोळ्या, सगळं वसुधानंच बघितलं. कॉलेजचं वर्षही तिचंच बुडालं. आणि येणारा जाणारा जवळ घ्यायचा तो शर्वरीला. आता यंत्रानंही तिचीच बाजू घेतली होती.

"तू रडलीस कधी?" मॅडमनी हळूच विचारलं.

वसुधा आठवत राहिली. तिला फक्त चहाचं पातेलं आठवलं.

"प्रात्यक्षिकासाठी दुसऱ्या कुणाचा तरी शोक तुझ्यात उतरवावा लागेल," मॅडम म्हणाल्या. "अनोळखी माणसाचा चालतो. घरच्याचा असला तर बरं."

शर्वरीनं पट्टी उचलून पुन्हा आपल्या कपाळाला लावली. "ताई, माझा घे."

वसुधानं मान फिरवली. अप्पांसाठी रडायचं, तर तेही आता हिच्याकडूनच मागून घ्यायचं होतं.