अंगाचा तरास

हिर्डोशीच्या ठकुबाई भाताचा भारा डोक्यावर घेऊन उठल्या की त्यांची गर्भपिशवी खाली उतरायची. बायका त्याला ‘अंग बाहेर येणं’ म्हणतात. ठकुबाईंनाही तेवढाच शब्द ठाऊक. तो घेऊन त्या तिसऱ्यांदा भोरच्या दवाखान्यात आल्या, पण डॉक्टरांच्या टेबलापर्यंत बाप्यांची रांग खेटून उभी. ‘बाहेर’ हा शब्द काही तोंडातून निघेना.

“डाक्टर, अंगाचा लई तरास हाय.”

“अंग दुखतं का, मावशी?”

“दुखत न्हाई वो. येतं.”

“काय येतं? कणकण?”

“कणकण न्हाई. अंगच येतं.”

“बरं, बरं,” म्हणत डॉक्टरांनी वर न बघताच चिठ्ठी लिहिली. मागच्या दोन खेपांच्याच गोळ्या. अंगदुखीच्या.

एसटीतून उतरून, डोंगर चढून ठकुबाई घरी आल्या आणि त्यांनी गोळ्यांचं पाकीट सुनेपुढं आदळलं. “येवढा शिकलेला माणूस, अन् त्याला आपला एक शब्द कळंना! सांगायचं तरी कसं, नूतन? चारचौघांत लुगडं वर करून दावू? आता मी मेले तरी तिथं जायची न्हाई!”

नूतननं आधी दार लोटून घेतलं. मग पाकीट उचलून ती खाली मान घालून बोलली,


“आत्या, ह्या गोळ्यांनी अंग वर जात न्हाई. मागच्या पाकिटातल्या चार म्या खाऊन बघितल्यात.”