मामाची जीप

चौथी जीप काही चालू होईना.

लिंबाखाली पाणी प्यायला थांबलेल्या बाकीच्या तीन गाड्या केव्हाच निघायच्या तयारीत होत्या. अंतरवालीहून आष्टीच्या लग्नाला निघालेली ही नवरीच्या मामाकडची मंडळी, आणि खुद्द मामाच, म्हणजे भागवत, बॉनेट उघडून उभा. साडेअकरा वाजले होते. मुहूर्त बारा पस्तीसचा.

"दादा, आमच्या गाडीत बसा," चुलतभाऊ अंगद म्हणाला.

"आन् आहेराचं सामान? तुमी व्हा पुढं. मी करून राह्यलो ना."

तिन्ही गाड्या धुरळा उडवत गेल्या. मागे राहिले भागवत, त्याची बायको सगुणाबाई आणि दोन्ही बाजूंची कपाशी. फोनला रेंज नव्हती.

जीप दुरुस्त करणं भागवतला नवीन नव्हतं. वडील कडूबा जीपच चालवायचे. बाजारात गाडी लावली की कोणी पळवू नये म्हणून पोरांना फ्यूज काढून मुठीत ठेवायला लावायचे. "फ्यूज मुठीत, तर गाडी गावात," म्हणायचे. या कामात बहीण शालू भारी चपळ. भागवत बॉनेट उघडेपर्यंत तिची मूठ मिटलेली असायची.

त्याच शालूशी अकरा वर्षं बोलणं नव्हतं. कडूबा गेले, तेव्हा येताना तिची गाडी परतूरजवळ बंद पडली. "दादा, तासभर थांब. आबाचं तोंड पाहू दे मला," ती फोनवर रडत होती. लोक म्हणाले, ऊन चढलं, उरका. भागवतनं अग्नी दिला. ती आली तेव्हा चिता पेटलेली होती. "थांबला न्हाईस," एवढंच बोलून ती आल्या पावली परत गेली. आणि आता तिनंच निरोप धाडला होता: माझ्या राजनंदिनीच्या मागं मांडवात मामा उभा राहिला पाहिजे.

सगुणाबाई जीपमधून उतरली. "आता खिशातला फ्यूज लावा की."

भागवतचा हात जागीच थांबला.

"काढताना पाह्यलं मी. कशाचं भ्याव वाटून राह्यलं?"

"तिच्या तोंडाकडं कसं पाहू गं? एक तासच मागितल्ता तिनं. थांबलो असतो तर काय बिघडलं असतं?"

"मंग हे तिलाच सांगा. पोरीमागची जागा रिकामी ठेवून काय फिटणार हाय?"

त्यानं फ्यूज लावला. जीप पहिल्याच चावीला सुरू झाली, पण रस्ता म्हणजे नुसते खड्डे. बारा पस्तीस वाटेतच झाले. भागवतचे डोळे भरून आले. आपण शालूसाठी थांबलो नाही, मग तिनं आपल्यासाठी का थांबावं? करावं तसं भरावं.

आष्टीत पोचले तेव्हा सव्वा वाजला होता. पंगती बसल्या असतील असं त्याला वाटलं होतं. पण मांडवात सगळे अक्षता धरून बसलेले, आणि भटजी घड्याळाकडे बघत होते.

"नवरदेवाची गाडी मारुतीच्या पारापाशी बंद पडली," अंगद म्हणाला. "शालूताई ओवाळायला गेल्ती तवर बराबर होती. दोन मिस्तरी झाले, कोणालाच गवसंना. आन् नवरदेव पायी यायला तयार न्हाई!"

तेवढ्यात शालू समोर आली. भागवतनं मान खाली घातली.

"मी थांबायला पाह्यजे होतं, शालू."

शालूचे डोळे भरले. तिनं त्याचा हात धरला.

"ती गाडी तूच चालू कर, दादा," ती म्हणाली, आणि आपली मिटलेली मूठ त्याच्या तळहातावर उघडली. फ्यूज होता.