घुंगरूवाली

कापसाचे भाव कोसळले, जिनिंग गिरणी बंद पडली आणि तिथं तिचा चोरटा नाच सुरू झाला. तोंडाला रुई फासून, पोलिओच्या पायात घुंगरू बांधून ती कापसाच्या ढिगातून सरपटत बाहेर यायची. कुणीतरी काढलेला व्हिडिओ व्हॉट्सॲपवर फिरला आणि दिग्रसभर तिची ‘घुंगरूवाली हडळ’ झाली. बघायला गर्दी वाढली, म्हणून तिलाही ते नाव गोड वाटलं. आज वहिनीचा फोन आला, तशी साडी सोडून, शर्ट-पँट चढवून ती घरी आली. घरात ती अजून गजूकाकाच होती. पुतणी तापानं फणफणली होती. “व्हिडिओतल्या हडळीले भेली, भाऊजी. तुमचंच नाव घेऊन राह्यली,” वहिनी म्हणाली. पोरीनं तिचा हात धरला. “काका, जाऊ नको. तू असला का हडळ येतच नाही.” खिशातले घुंगरू वाजू नयेत म्हणून तिनं दुसऱ्या मुठीत आवळून धरले.