साहेबांना विचारलेला प्रश्न

कोंडाजी पहिल्या रांगेत येऊन बसलेत हे प्रवीणला कळलं, तेव्हा त्याची मिशी अर्धीच चिकटवून झाली होती.

"मागे कुठंतरी बसवू का त्यांना?" हर्षलाने मेकअपच्या खोलीच्या दारातून विचारलं. ‘आठवड्याची फोडणी’ हा कार्यक्रम तीच सादर करायची. शुक्रवारी रात्री उशिरा तो टीव्हीवर लागे आणि आठवडाभरच्या बातम्यांची, पुढाऱ्यांची त्यात मनसोक्त टिंगल होई. चित्रीकरण मात्र भर दुपारी, कर्जत-चौक रस्त्यावरच्या एका स्टुडिओत चाले.

"राहू दे," प्रवीण म्हणाला. "उठून गेले तर जाऊ देत."

प्रवीण त्यात साहेबांची नक्कल करायचा. नाव कुणी घेत नसे, नुसतं ‘साहेब’. पण ती चाल, ते खाकरणं, ते उपरणं सावरणं पाहिलं की तालुक्यातलं शेंबडं पोरसुद्धा ओळखायचं. आणि कोंडाजी, प्रवीणचा बाप, जन्मभर त्याच साहेबांचा कार्यकर्ता. कार्यकर्ता म्हणजे सभेआधी सतरंज्या अंथरणारा आणि सभा उठली की गुंडाळणारा. शिमग्याच्या सुमारास त्यांनी पोराला टीव्हीवर साहेब झालेलं पाहिलं. टीव्ही बंद केला आणि त्या दिवसापासून त्याच्याशी बोलणं टाकलं. घर एक, चूल एक, पण काही सांगायचं झालं तर सुनेला मध्ये घालायचे. "सोनाली, सांग त्याला, पाण्याची मोटर बिघडलीय." आणि आज हाच माणूस, कुणाला न सांगता, कर्जत स्टेशनाबाहेर प्रेक्षकांसाठी उभ्या असलेल्या बसमध्ये चढून बसला होता.

दिवे लागले. प्रवीण उपरणं सावरत आला, मखमली खुर्चीत रेलून बसला, खाकरला. नुसत्या खाकरण्यावर अख्खा स्टुडिओ हसला. कोंडाजी हसले नाहीत. मांडीवर टोपी ठेवून ते एकटक बघत होते.

प्रवेश जनता दरबाराचा होता. प्रेक्षकांत बसलेला गजा नावाचा नट पहिला प्रश्न विचारणार, असं ठरलेलं. गजा उठायच्या आतच कोंडाजी उठले. त्यांनी टोपी डोक्यावर ठेवली, नीट केली आणि हात जोडले.

"सायेब, येक इचारायचं व्हतं."

हशा पिकला. लोकांना वाटलं, हाच तो ठरवलेला माणूस. प्रवीणच्या तोंडून मात्र आवाज साहेबांचाच निघाला. "विचार की. दरबार तुझाच आहे."

"माझं नाव काय?"

आता तर लोक खुर्च्यांवर डोलून हसले. कोंडाजी हात जोडून तसेच उभे राहिले. हसू ओसरेपर्यंत थांबले.

"तुमच्या सभंच्या सतरंज्या मी टाकल्या," ते म्हणाले. आवाजात तक्रार नव्हती. "परत्येक येळेला तुमी पाठीवर हात ठेवला. बरा हायस ना, म्हनून इचारलं. पर नाव कधी घेतलं नाय. म्हटलं, येकदा इचारावं, सायबांना ठाव हाय का."

मागच्या रांगेत कुणीतरी एकट्यानेच हसलं आणि गप्प झालं.

प्रवीणच्या कानातल्या यंत्रात दिग्दर्शक सांगत होता, पुढचं वाक्य घे, विनोदावर ने. विनोद तयारही होता. प्रवीण खुर्चीतून उठला. खरे साहेब कुणासाठी खुर्ची सोडत नसत. तो चौथऱ्याच्या पायऱ्या उतरला, बापासमोर येऊन उभा राहिला आणि साहेबांच्याच आवाजात म्हणाला,

"कोंडाजी. कोंडाजी महादू ठोंबरे."

कोंडाजींचे जोडलेले हात हलले नाहीत.

"खोपोलीच्या सभेत पाऊस आला," तो आवाज पुढे म्हणाला, "लोक पळाले. आम्हीपण गाडीत बसून निघून गेलो. तुम्ही एकट्याने भिजलेल्या सतरंज्या टेंपोत भरल्या. घरी आलात तेव्हा खांदा वर होत नव्हता. तरी घरच्यांना म्हणालात, सभा चांगली झाली."

गजा आपोआप उभा राहिला होता. कॅमेरावाल्याने कॅमेऱ्यावरून डोळा काढून नुसतंच समोर पाहिलं. जिची जीभ कधी थांबत नसे त्या हर्षलाने हातातला कागद हळूच टेबलावर ठेवला. आणि प्रवीणला वाटलं, हे आपण बोलत नाही. हा आवाज आपला नाही, साहेबांचाही नाही, आणि तरी तो खरा आहे.

कोंडाजींनी मान डोलावली. देवळात तीर्थ घेतल्यावर डोलवावी तशी. मग ते खाली बसले.

चित्रीकरण संपल्यावर हर्षला त्यांच्याजवळ आली. हा भाग दाखवला तर चालेल का, तिने हळू आवाजात विचारलं.

"नको बाई," कोंडाजी म्हणाले. "त्ये माझं आन् सायबांचं हाय."

प्रवीणने ते ऐकलं. मिशी काढून, तोंड धुऊन तो बाहेर आला, तेव्हा कोंडाजी मोटारसायकलजवळ उभे राहून समोरचा माथेरानचा डोंगर बघत होते.

"अप्पा," त्याने भीतभीत विचारलं, "तुमाला खरंच सायेब वाटलो का मी?"

"येडा हायस का? माझं पोर मला वळखू येत नाय व्हय?" शिमग्यानंतर ते पहिल्यांदाच त्याच्याशी बोलत होते.

"मग खऱ्या सायबांना का नाय कधी इचारलं?"

कोंडाजींनी टोपी काढून हातात घेतली.

"इचारलं असतं रं. पर त्यांना नसतं सांगता आलं, तर उभ्या जन्माचं काय केलं असतं मी?"